बाबांच्या उंचीचा लेथ

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे दहा. जागा: अमरावतीतल्या आमच्या घरामागची पत्र्याची खोली. हजर: मी, माझा नवरा, आणि दिवाळीनंतर अकोल्याहून आमच्याकडे आलेले माझे बाबा. नवा लेथ सुरू करायचा होता.

जठारपेठेजवळच्या भाड्याच्या गाळ्यात बाबांनी जन्मभर लाकूड कातलं. लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे. आई गेली, गाळा सुटला, म्हणून मी त्यांना घेऊन आले. पण त्यांची पिशवी दाराशी बांधलेलीच राहिली. रोज चहाबरोबर एकच प्रश्न, "अकोल्याले केव्हा जाचं?" उत्तरं देऊन देऊन मी दमले होते. हाताला काम असलं तर राहतील, असं वाटलं.

मी कामं यादीने करते. लेथसाठी दोन्ही गावांतली दुकानं फिरले. मोटर केवढी, वेग किती टप्प्यांत बदलतो, दोन टोकांत केवढं लाकूड मावतं, सगळं विचारून लिहिलं. पलंगाचा पाय बसेल एवढी लांबी घेतली, पाळण्याचा दांडा सोडून दिला. खोलीत एक्झॉस्ट पंखा, वेगळा स्विच, चष्मा, मास्क, पटाश्या टांगायला भिंतीवर पट्टी. यंत्र थरथरू नये म्हणून कमरेएवढा विटांचा ओटा बांधला आणि लेथचे चारही बोल्ट त्यात सिमेंटने पक्के केले. बाबांना काही विचारलं की म्हणायचे, "तुले बरं वाटन ते घे."

त्या सकाळी त्यांनी दुपट्ट्याने लेथ पुसला, सागाचा तुकडा चढवला, बटण दाबलं. छिलके उडायला लागले. पाच मिनिटांत ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागले. नवऱ्याने उंच स्टूल आणलं.

"जवाईबुवा, दाढी करून देता काय माही?" स्टुलावर बसून बाबा म्हणाले. पाय लोंबत होते.

"मामाजी, यादी तुमच्या लेकीची. मी फक्त वजन उचललं."

बाबांनी लेथ बंद केला आणि खाली फरशीवर जाऊन बसले. "पटाशी पायानं दाबा लागते व माय. उभ्यानं म्या कधी केलंच नाही."

मला हे माहीत होतं. शाळेतून गाळ्यात गेले की ते पोत्यावर बसलेले आणि पटाशी पायाच्या अंगठ्याशी धरलेली, असंच मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं. पण दुकानात लेथ दाखवणारा उभा होता आणि लिहून घेणारी मीही उभीच होते.

"केवढा उंच पाहिजे?" मी विचारलं. त्यांनी फरशीच्या वर हात धरला. मी टेप लावला. नऊ इंच. लिहून घेतलं.

"करतो खाली," नवरा म्हणाला.

"करा. तवरक थांबतो मी. पिशवी राहू द्या तिथंच."

सिमेंट फोडायला मिस्त्री मंगळवारी येणार होता. तो मंगळवार गेला, पुढचाही गेला. बाबा चहा घेऊन ओट्यापाशी खाली बसतात आणि पटाश्यांना धार लावतात. आता सगळ्यांना लावून झाली आहे. आज सकाळी पुन्हा अकोल्याचं विचारलं. चार बोल्ट अजून काढायचे आहेत.