चहाच्या खिडकीपाशी ऐकलेला सामना

आमच्या नातीच्या कॉलेजानं त्या दिवशी हातातनं गेलेला सामना जिंकला. मी तिथं मैदानावर हजर होतो आणि त्यातलं जिंकणं काही बघितलं नाही. यात नवीन काही नाही. मी कोल्हापूरचा. फुटबॉल बघत म्हातारा झालो. आमच्या तालमीच्या संघाचे मोठमोठे विजय मी मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर उभा राहून ऐकलेत. बघितले ते सगळे पराभव.

कारण असं की, मी बसलो की आमचा संघ हरतो.

हा शोध माझ्या बायकोचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं लावला. तेव्हा बायका मैदानावर फारशा यायच्या नाहीत, पण ही यायची, आणि येताना भाजक्या शेंगांची पिशवी आणायची. गल्लीतले सगळे त्या पिशवीत हात घालायचे. आमच्यावर गोल झाला की ती माझ्याकडं असं बघायची, जसा काय तो मीच घातला.

"अवो, उठा."

"का?"

"उठा म्हणतो न्हवं. जावा भायेर, च्या पिऊन या. तुमी बसला की असंच होतंय."

मी जायचो. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत आतनं आरोळी उठायची. योगायोग म्हणा. चाळीस वर्षं चाललेला योगायोग. पुढं पुढं सगळ्या पेठेला माहीत झालं. अनोळखी पोरंसुद्धा येऊन हात जोडायची, "काका, तेवढं भायेर जाता का?" आणि जिंकल्यावर हलगी वाजायला लागली की ही गर्दीतनं वाट काढत बाहेर यायची, मूठभर गुलाल घेऊन. पहिला गुलाल खेळाडूला नाही, कप्तानाला नाही. माझ्या कपाळाला. मी टोपी काढून उभा असायचो. "तुमी उठला म्हणून जिंकलो," म्हणायची. सत्कारच झाला की नाही?

ती गेली. वर्ष व्हायचंय अजून.

दिवसकार्य झालं, चार महिने मी घरात एकटा काढले, आणि मग पोरानं मला आयर्लंडला आणलं. पोरगा कंप्युटरात आहे, डब्लिनजवळ नास म्हणून गाव आहे तिथं राहतो. तीन महिन्यांचा व्हिसा काढला. "आबा, हवापालट होईल," म्हणाला. झाला. कोल्हापुरात ऊन असायचं, इथं नाही. इथं ऊन पडलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात. घरात चार माणसं, चौघांच्या हातात चार फोन. माझ्याही हातात दिला एक. मी तिथं एकटा होतो म्हणून यांनी मला इथं आणून चौघांत एकटा ठेवला. उपकार आहेत.

तीन आठवड्यांत मी सांगून टाकलं, मला परत पाठव.

"आबा, तिथं कोण आहे?"

"घर आहे."

"घराला काय होतंय? शेजारच्या वहिनी बघतायत की."

याला आता काय सांगायचं. फौंड्रीत आयुष्य काढलेला, चौथीपर्यंत शिकलेला मी माणूस, मला नीट बोलता येत नाही. पण गोष्ट साधी होती. आमच्या आतल्या खोलीत अजून तिचा वास आहे. तिच्या लुगड्यांचा, खोबरेल तेलाचा, तपकिरीचा. होय, तपकीर ओढायची, चोरून, आणि मला माहीत नाही असं समजायची. घरात कुणी राहिलं नाही की असला वास उडून जातो. मी तीन महिने इथं पाऊस बघत बसायचो आणि तिकडं तो वास जायचा. एवढंच माझं म्हणणं होतं. ते जेवणाच्या टेबलावर सुनेसमोर कसं म्हणायचं? म्हणून मी म्हणालो, "इथली भाजी मला पचत नाही."

तेव्हा नात मध्ये पडली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते, आणि माझ्याशी बोलताना दोन्ही कालवून. "आजोबा, बेट लावू," म्हणाली. शनिवारी तिच्या कॉलेजाचा सामना होता, ज्या कॉलेजाशी यांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं आहे त्यांच्याशी. तिचं कॉलेज हरलं तर माझं तिकीट याच आठवड्याचं करायचं. जिंकलं तर मी तीन महिने पुरे राहायचं, आणि भाजीचं नाव काढायचं नाही.

पोरगा हसला. मी विचार केला आणि म्हणालो, "कबूल. पण मी मैदानावर येऊन बघणार. पहिल्यापासनं शेवटपर्यंत, बसून."

नातीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या आज्जीनं व्हिडिओ कॉलवर तिला माझी सगळी कीर्ती सांगितलेली होती, एकदा नाही, शंभरदा. म्हणजे मी काय डाव टाकतोय ते तिला पक्कं कळलं होतं. "फेअर प्ले, आजोबा," म्हणाली. इथं कुणी काही हुशारी केली की असं म्हणतात. आणि तिनं हात मिळवला.

शनिवारी गेलो. इथला फुटबॉल म्हणजे काय ते सांगतो. चेंडू हातात घेतात. हातात घेऊन पळतात. पळता पळता स्वतःच्याच पायावर आपटून परत झेलतात. गोलाचे खांब वर आभाळात गेलेले. चेंडू दांडीखालनं जाळीत गेला तर तीन गुण, आणि दांडीवरनं गेला तरी एक गुण. लांबनं मारला असला तर दोन. आमच्याकडं दांडीवरनं मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, इथं टाळ्या मिळतात. आमचे निम्मे खेळाडू इथं दैवत ठरले असते. खांबापाशी एक माणूस डॉक्टरासारखा पांढरा कोट घालून उभा असतो, तो झेंडा हलवून सांगतो गोल झाला का गुण झाला. सगळ्या मैदानात अंगभर चिखल, हा एकटा स्वच्छ.

मी लाकडी बाकावर बसलो. डोक्याला सुनेनं विणलेली टोपी, वरनं भुरभुर. पोरगा शेजारी, फोनमध्ये. नात खाली कठड्यापाशी, तिच्या कॉलेजाच्या पोरांच्या घोळक्यात, गालाला जांभळा रंग फासून ढोल बडवत होती. हात कच्चा होता, पण बडवत होती.

आणि मी माझं काम सुरू केलं. बसलो.

काय सांगू, इतकी वर्षं झाली, पण गुण काही गेलेला नाही. पाच मिनिटांत त्यांचा पहिला गोल. मग दांडीवरनं एक, परत एक. नातीच्या कॉलेजाचा गोलकीपर चेंडू झेलायचा सोडून कुठं बघत होता देव जाणे. पुढं अजून एक गोल. समोरच्या बाजूला त्यांची पोरं नाचायला लागली. अर्धा वेळ झाला तेव्हा आम्ही आठ गुणांनी मागं होतो आणि मी मनात पिशवी भरत होतो. पायजमे, स्वेटर, गोळ्या.

"संपलं," पोरगा म्हणाला. "आबा, तिकीट बघून ठेवतो."

"बघ," मी म्हणालो.

तेवढ्यात नात वर आली. पावसानं रंग गालावरनं हनुवटीपर्यंत ओघळलेला. मला वाटलं, आता उठा म्हणणार. तिला म्हणता आलं असतं. तिच्या आज्जीनं म्हटलंच असतं, एव्हाना तीनदा. पोरीनं जर्किनच्या खिशातनं कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. शेंगा होत्या. घरी ओव्हनमध्ये भाजलेल्या, निम्म्या करपलेल्या.

"आज्जी सांगायची, मॅचला शेंगा लागतात."

"तुमचं काही खरं नाही आज," मी म्हणालो.

"इट्स ग्रँड."

ग्रँड म्हणजे ठीक आहे. इथं पाय मोडलेला माणूसही ग्रँडच असतो.

"थंडी वाजते का? तुम्ही बसा, आजोबा. यू आर ग्रँड. बसा." मग तिनं आपला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला आणि खाली गेली. दोनदा बसा म्हणाली. उठा एकदाही म्हणाली नाही.

सामना परत सुरू झाला. मी एक शेंग फोडली, खाल्ली, करपट लागली. आतल्या खोलीचा विचार केला. त्यांनी अजून एक गुण केला. खाली पोरगी ढोल बडवायची थांबलेली, नुसती काठी धरून उभी. मागं वळून बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती, ते मानेवरनं कळत होतं. आयुष्यभर मला कुणीतरी उठवलं म्हणून मी उठलो. मी कान देऊन बसलो होतो. कुणी काही म्हणेना.

मी उठलो.

"आबा, कुठं निघालात?"

"च्या प्यायला."

"आता? मी आणतो की."

"तू बस. तुझ्या बसण्यानं कुणाचं काही होत नाही."

मैदानामागं क्लबाची खोली आहे, तिच्या खिडकीतनं एक गोरी आज्जी चहा विकत होती. तिनं मला कागदी पेल्यात चहा दिला आणि मैदानाकडं बोट करून काहीतरी म्हणाली. तुमचा सामना चुकतोय, असं असावं. मी म्हणालो, "येस." मला तीन शब्द येतात, त्यातला तो एक. पहिला घोट घेतला. चहा म्हणजे गरम पाण्याला सांगितलेली चहाची गोष्ट.

आणि आरोळी उठली.

गोलाची आरोळी ऐकून कळते. आधी क्षणभर सगळं गाव श्वास आत ओढतं, मग फुटतं. गुण झाला तर श्वासाची ती जागा नसते. कोल्हापूर असो नाहीतर हे, गर्दीचं नरडं एकच. ही गोलाची होती. कुणाची? त्यामागनं ढोल वाजला. कच्च्या हाताचा.

पुढचा सामना मी चहाच्या खिडकीपाशी उभा राहून पुरा ऐकला. गुण, ढोल. गुण, ढोल. एकदा आरोळी आली आणि ढोल नाही, तेव्हा माझ्या हातनं चहा सांडला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कुणाच्या बाजूनं सांडतोय. तिकिटाच्या विरुद्ध! म्हातारपणी माणसाचा स्वतःवरही भरवसा राहत नाही. चहावाल्या आज्जीनं न मागता दुसरा पेला दिला. मग श्वास आत ओढला गेला, लई वेळ ओढलेला राहिला, आणि जे काही फुटलं त्यानं खिडकीची काच वाजली. शिट्टी. ढोल, ढोल, ढोल.

आणि मी टोपी काढली.

सवय. दुसरं काही नाही. हलगी वाजली की टोपी काढायची, कपाळ मोकळं करायचं, गर्दीकडं तोंड करून उभं राहायचं. पावसात टकलावर पाणी पडत होतं आणि मी फाटकाकडं बघत होतो. गर्दी बाहेर यायला लागली. चिखलानं भरलेली पोरं, एकमेकाला खांद्यावर घेतलेली, एक गाणं म्हणत होती ज्याची पहिलीच ओळ सगळ्यांना येत होती. हरलेल्या कॉलेजाची पोरं येऊन यांचे हात हातात घेत होती. हात! आमच्याकडं हरलेला संघ मागच्या गल्लीनं घरी जातो, त्यात निदान मान आहे. मी सगळी तोंडं बघितली. जिला बघत होतो ती कुठनं येणार होती? तरी मी बघितली.

नात धावत आली. ढोल गळ्यातच.

"तुम्ही उठलात!"

"थंडी वाजत होती."

"यू गॉट अप, आजोबा! आज्जी म्हणायची ते खरंय!" ती रडत होती का पाऊस होता, मी विचारलं नाही. तिनं माझं उघडं कपाळ बघितलं. आज्जीनं तेही सांगितलेलं असणार. पोरीनं आपल्या गालावरचा ओला जांभळा रंग तळहातानं पुसला आणि माझ्या कपाळाला फासला, पार भुवयांपर्यंत.

वर्ष व्हायच्या आत कपाळाला गुलाल लावायचा नसतो. पण तो गुलाल नव्हता. जांभळा होता. मी तसं मनात हिच्या आज्जीला सांगून टाकलं.

पोरगा मागनं आला, फोन खिशात होता, हे मी पहिल्यांदा बघितलं. माझं तोंड बघून त्याला हसावं का रडावं कळेना. "आबा, मग तिकीट?"

"आता राहू दे," मी म्हणालो. "भाजी पचतीय."

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वहिनींना फोन लावला. म्हटलं, मी काही लवकर येत नाही, आतली खोली उघडू नका, आहे तशी बंद राहू द्या. त्या म्हणाल्या, "अवो भाऊजी, काळजी करू नका. तुमी गेल्यापासनं रोज सकाळी सगळी दारं-खिडक्या उघडतो मी, दुपारपर्यंत. कोंदट वास यायला नको म्हणून. कपाटसुद्धा उघडून ठेवलंय."

मी म्हणालो, "लई उपकार झाले."

दुसरं काय म्हणणार? बाई चांगली आहे.

मफलर मी परत दिलेला नाही. नातीनं मागितला नाही. आणि तिनं कॉलेजात सगळीकडं सांगितलंय. परवा पुढचा सामना झाला. आम्ही पोचलो तर चहाच्या खिडकीपाशी एक घडीची खुर्ची मांडून ठेवलेली, वर प्लास्टिक, पाऊस लागू नये म्हणून. नातीची मित्रमंडळी रांगेत उभी. एकानं वाकून, हात जोडून, मराठीत म्हटलं. नातीनं शिकवलेलं, त्याच्या तोंडात ते चेंडूसारखं उड्या मारत होतं.

"काका, तेवढं भायेर."

सात समुद्र ओलांडून आलो आणि मैदानात जागा मिळाली नाही ती नाहीच. मी खुर्चीत बसलो. चहावाल्या आज्जीनं पेला पुढं केला. मी टोपी काढून मांडीवर ठेवली, सामना सुरू व्हायच्या आधीच.