स्वर्गरथाला हात

मी एक नंबरची फुकटी आहे, असं माझी आई अख्ख्या नात्यात सांगत फिरते. सांगू दे. सुरगाण्याच्या पलीकडे एका आश्रमशाळेत मी शिकवते. तिथून नाशिकला यायचं तर एसटी तिच्या मनात आलं तर येते आणि जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही. मग फाट्यावर उभं राहायचं, हात दाखवायचा आणि थांबेल त्या गाडीत चढायचं. दुधाची गाडी, टोमॅटोचा पिकअप, एकदा तर मांडववाल्याच्या टेम्पोत नवरीच्या खुर्चीवर बसून आले, ऐटीत! नियम एकच, ड्रायव्हरशी बोलत राहायचं, म्हणजे त्याला डुलकी लागत नाही. "मास्तरणीला शोभतं का हे?" आई म्हणायची. मी म्हणायचे, प्रवास काय शोभेसाठी करतात?

त्या दिवशी मात्र मजा नव्हती. धाकटी बहीण गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात अडली होती. तारखेला अजून अवकाश होता म्हणून मी निवांत, आणि सकाळी सकाळी मेहुण्याचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, सिझर करावं लागेल म्हणतायत. रक्त हाताशी हवंय. निघा लगेच." आम्हा दोघी बहिणींचा रक्तगट एकच, ओ निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. रक्तपेढीत शिल्लक नव्हतं. म्हणजे तिला लागणारं रक्त माझ्या अंगात, आणि मी डोंगरात!

फाट्यावर आले तर एसटी नुकतीच गेलेली. जीपवाला म्हणाला, "मॅडम, अजून शिटा येऊ द्या ना." मागोमाग दोन मोटारी आल्या आणि काचा वर करून निघून गेल्या. त्यांना मी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात वळणावरून एक पांढरी गाडी आली. मी दोन्ही हात हलवले. ती थांबल्यावर मग बाजूची अक्षरं वाचली. स्वर्गरथ. शववाहिका होती ती. मागच्या दाराला झेंडूच्या पाकळ्या अजून चिकटलेल्या.

चालवणारे चाचा पिकल्या दाढीचे, डोक्यावर जाळीची टोपी. नाशिकच्या दवाखान्यात वारलेल्या एका म्हाताऱ्याला त्याच्या गावी पोचवून रिकामे परतत होते. माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, या गाडीला लोक हात जोडतात. तुम्ही हात दाखवता?"

"पुढे बसते चाचा. मागे थोडीच!"

ते काही हसले नाहीत. "आमच्या घरच्या बायकापण बसत नाहीत यात. तुम्हाला घरी बोलतील."

"बहीण अडलीय," एवढंच म्हणाले. त्यांनी दार उघडलं. "बसा, बसा. बिस्मिल्ला."

जन्मात पहिल्यांदा मला अशी गाडी मिळाली की तिला सगळे वाट देत होते. घाटात ट्रकवाले बाजूला झाले. दिंडोरीत भर बाजारात माणसं थांबून नमस्कार करत होती. आत बसून काय करावं ते कळेना, म्हणून एका आजोबांना मीही उलट नमस्कार केला. "असं नका करू ताई," चाचा म्हणाले, "घाबरून मरेल तो."

गंगापूर रोडला लागल्यावर त्यांनी विचारलं, "अलीकडच्या कोपऱ्यावर सोडू का? बाळंतिणींचा दवाखाना, आणि अशी गाडी दारात..."

"दारातच घ्या!" मी खेकसले. कोपऱ्यापासून धावायचंही त्राण मला उरलं नव्हतं.

दारातच मेहुणा उभा होता. गाडी बघून तो पांढराफटक पडला आणि मी हाक मारेपर्यंत उलटा फिरून जिना चढत पळालासुद्धा. घ्या! याच्या बायकोसाठी मी रक्त घेऊन आले, आणि हा पळतोय. आईने मला उतरताना पाहिलं. "अगं बाई!" अशा गाडीतून आलेल्याने आधी आंघोळ करायची आणि मगच कशाला शिवायचं, हा तिचा कायदा. मी बोट उगारलं, "एक शब्द बोलू नकोस." ती म्हणाली, "चल, आधी रक्त दे. आंघोळीचं नंतर बघू." चाचा दुवा देऊन निघूनही गेले होते.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त लागलंच नाही. क्षणभर मी चिडलेच, एवढी धावत आले आणि माझं रक्त तसंच पडून! मग डोक्यात प्रकाश पडला. लागलं नाही म्हणजे किती बरं झालं! जीव असा भांड्यात पडला की जिन्यातच बसून ढसाढसा रडले. आईने साबण आणि टॉवेल पुढे केला. मी निमूट आंघोळ करून आले आणि भाचीला मांडीवर घेतलं.

मग मेहुण्याला धरलं. "काय रे, मला बघून पळालास का?"

तो लेकीकडेच बघत राहिला. "तुम्हाला कुठे पाहिलं मी ताई? मला फक्त गाडी दिसली. वाटलं, आमच्यासाठीच मागवलीय. मला न सांगता."

मी भाचीचं दुपटं नीट केलं.

"वर जाऊन दार ढकललं, तर ही कण्हत होती. मी तिथेच रडायला लागलो."

खाटेवरून बहिणीचा बारीक आवाज आला, "मी म्हटलं, कळा मला येतायत, आणि रडतोयस तू?"

ती हसायला लागली, टाके दुखले म्हणून कळवळली, आणि तरी हसतच राहिली.