नानांचे दोन शब्द

पितांबर नाना रडायला लागले की भल्याभल्यांना हुंदका आवरत नसे. तापीकाठच्या त्या तालुक्यात कुणी गेलं की घरचे आधी सुरतेच्या नातलगांना फोन करायचे आणि लगेच नानांना. सुरतेची गाडी नवापूर ओलांडते न ओलांडते तोच नाना दारात हजर. पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं, चेहरा घरच्यांपेक्षाही पडलेला. चितेला अग्नी दिला की कुणीतरी म्हणायचंच, "नाना, दोन शब्द." ते दोन शब्द आटपेपर्यंत लाकडं निम्मी जळालेली असायची.

राजकारणात ते आले तेच मुळी मसणवट्यातून. तेव्हा ते दूध डेअरीचे सेक्रेटरी होते. एका मौतीला बोलवलेला पुढारी वेळेवर आला नाही, म्हणून लोकांनी यांना उभं केलं. नाना असे बोलले की मयताशी बांधावरून उभा जन्म कोर्टात भांडलेला भाऊबंदसुद्धा ढसाढसा रडला. लग्नाला आलेला पुढारी लोक विसरतात, मौतीला आलेला विसरत नाहीत. नाना सरपंच झाले, पंचायत समितीत गेले आणि शेवटी जिल्हा परिषदेत बांधकाम सभापती होऊन बसले.

भाषण मात्र तेच. आधी मयताचे गुण, मग "मला ते मुलासारखं मानायचे", आणि शेवटी आवाज कापरा करून, "या गावात माणसाला मेल्यावरही सावली नाही. मी शब्द देतो, इथे शेड बांधीन." त्यांच्या बायको सुमनबाई म्हणायच्या, "नुसतं नाव बदलता तुम्ही. परवा तर तेही बदललं नाही." नाना म्हणायचे, "लोक रडले ना? मग झालं."

शेडची कामं घ्यायचा त्यांचा शालक भटू. काही गावांत त्याने शेड खरंच बांधली. काही गावांत नुसती पाटी लावली, कारण बिलाला पाटीचा फोटो लागायचा. बिल निघालं की हिस्सा नानांच्या घरी पोचायचा. तो कुठल्या गावाचा, हे नाना कधी विचारत नसत. देवाच्या प्रसादाला कुणी विचारतं का, कुठल्या झाडाचं केळं म्हणून?

तालुक्यातल्या बाईमाणसांत, बापेमाणसांत नानांना ओळखून होती ती एकटी चिंचोड्याची सुंदरअक्का. नव्वदीला टेकलेली, दात गेलेले, पण जिभेची धार शाबूत. नाना चहाला टेकले की ती म्हणायची, "पितांबर, मी मरसू तवय तूच बोलजो. पन मन्हाबद्दल खोटं बोलजो नको. तू बठ्ठासबद्दल खोटं बोलस." सगळ्यांबद्दल खोटं बोलतो हे ऐकूनही नाना हसून तिच्या पाया पडायचे. तालुक्यात तेवढी एकच म्हातारी त्यांना तोंडावर भामटा म्हणायची, आणि त्यांना तिचंच घर आवडायचं.

मग एका मे महिन्यात अक्काचे दीर रुपचंद आबा गेले. चिंचोड्याच्या मसणवट्यात ऊन असं की चपलेतून पाय भाजत होते. लोक डोक्यावर रुमाल टाकून उभे. अक्काचा मुलगा धुडकू सुरतेच्या जावयासाठी मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होता. टेकायला कोपऱ्यात एक छातीएवढा सिमेंटचा चौथरा दिसला, तेव्हा नानांनी त्याच्यावर उपरणं पसरलं, उपरण्यावर कोपर ठेवलं आणि ते बोलायला लागले. आबांचे गुण झाले. मुलासारखं मानून झालं. आवाज कापरा झाला. "इथे शेड नाही, ही माझ्या काळजातली सल आहे. मी शब्द देतो..." म्हणत त्यांनी डोळे पुसायला उपरणं ओढलं.

खाली संगमरवरी पाटी होती. 'चिंचोडे स्मशानभूमी निवारा शेड. लोकार्पण, शुभहस्ते मा. पितांबर नाना.'

नाना डोळे पुसत होते, त्यांना दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "नाना, शेड ते बांधेल शे ना! पाटीवर लिखेल शे!" आणि चितेसमोर माणसं पोट धरून हसली. सुरतेचा जावईही हसला, आणि त्याने तो व्हिडिओ पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत तो नशिराबादच्या टोलनाक्यापासून पिंपळनेरच्या बाजारापर्यंत पोचला.

चौकशी लागली. चौकशीचे साहेब चिंचोड्याच्या मसणवट्यात गाडीतून उतरले, पाटी पाहिली, आभाळ पाहिलं.

"शेड कुठे आहे?"

"वादळात उडाली साहेब," नाना म्हणाले.

"खांबांसकट?"

"वादळ फार मोठं होतं."

"आणि पाटी?"

"पाटीचं काम मजबूत केलं होतं."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग बाकीच्या पाट्या सापडल्या. पक्षाने सांगितलं की नानांचा आणि आमचा संबंध नाही. सभापतिपद गेलं, केस उभी राहिली, आणि "दाजी, मी आहे ना" म्हणणाऱ्या भटूचा फोन लागेना. पोरंसोरं त्यांना शेडनाना म्हणू लागली.

हे सगळं नानांनी पचवलं असतं. पण त्यांना कुणी बोलायला उभं करेना, ते पचेना. ते प्रत्येक मौतीला जायचे, पांढरे कपडे घालून मागे उभे राहायचे, घसा खाकरायचे. कुणी वळून बघायचं नाही. विरोधी पार्टीचा माणूस मोबाईलमध्ये बघून श्रद्धांजली वाचायचा आणि लोक घड्याळं बघायचे. घरी येऊन नाना जेवायचे नाहीत. "माझ्या मौतीला हा वाचेल गं," ते सुमनबाईंना म्हणायचे आणि खरंखुरं रडायचे.

पुढच्या उन्हाळ्यात सुंदरअक्का गेली.

त्याच मसणवट्यात, त्याच उन्हात लोक उभे होते. मोबाईलवाला वक्ता पुढे सरकला तसा धुडकूने हात आडवा घातला. "मायनी सांगेल शे, नानाच बोलतीन." कुरकुर झाली, पण मेलेल्या आईचा शब्द कोण मोडणार?

नाना पुढे आले. वकिलाने त्यांना बजावलं होतं की या केसबद्दल चारचौघांत तोंड उघडायचं नाही. आणि धुडकूच्या हातात मोबाईल होता, सुरतेला दाखवायला.

"अक्का मला मुलासारखं..." नानांनी सुरुवात केली आणि ते अडकले. खोटं बोलजो नको. एवढ्या वर्षांत खोटं वगळून बोलायची त्यांना सवयच उरली नव्हती. लोक वाट बघत होते. एका म्हाताऱ्याच्या टकलावरून घाम निथळत होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे पाहिलं.

"मुलासारखं मानत नव्हती," ते म्हणाले. "भामटा म्हणायची. बरोबर म्हणायची. इथली शेड वादळात उडाली नाही. ती बांधलीच नव्हती, पैसे मी आणि भटूने खाल्ले. तुम्ही आज उन्हात उभे आहात ते माझ्यामुळे. अक्कासुद्धा उन्हातच."

कुणी रडलं नाही. कुणी हसलंही नाही. धुडकूने मोबाईल खाली घेतला नाही. नानांना इतकं हलकं वाटलं की पुढचं वाक्य जुन्या सवयीने आपोआप बाहेर पडलं, "म्हणून आज मी या ठिकाणी शब्द देतो..."

"नको नाना, नको!" सगळं गाव एकदम ओरडलं.

मग मात्र लोक हसले, धुडकूही हसला आणि हसता हसता आईसाठी रडायला लागला. नानांनी आपलं उपरणं काढून त्या म्हाताऱ्याच्या टकलावर टाकलं आणि चिता विझेपर्यंत ते उघड्या डोक्याने त्याच्या शेजारी उभे राहिले.