शैलाच्या माळ्यावरची हाडं

शैला गेल्याचं मला तिच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं फोनवर सांगितलं. श्रावणातली दुपार होती, मी शाळेत आठवीच्या वह्या तपासत होते. पेशंट तपासता तपासता तिच्या छातीत कळ आली आणि तिनं खुर्चीतच मान टाकली. पन्नाशीही धड उलटली नव्हती. मी त्याला ते दोनदा सांगायला लावलं आणि रिक्षात बसले. आधी रडू आलं नाही, भीती वाटली. शैलाच्या आईला, काकींना, तोंड दाखवायचं होतं आणि त्या काय विचारतील हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं त्यांच्या पोटात एकच धास्ती होती, आणि त्या धास्तीची घराबाहेरची साक्षीदार मी एकटीच होते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. शैलाचे वडील, अण्णा, कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहायचे. घर मूळचं पाटणकडचं. माझे वडील महाप्याच्या एका कारखान्यात होते. आम्ही दोघी बारावीपर्यंत एका बाकावर बसलो आणि मग ती खाडीपलीकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेली. वसाहतीतून डॉक्टरकीला गेलेली पहिलीच मुलगी. सगळ्यांनी पेढे खाल्ले. गावाकडच्या चुलत्यांनीही खाल्ले आणि तोंड पुसता पुसता अण्णांना बजावलं, की पोरगी एकदा जरी नापास झाली तर शिक्षण बंद, स्थळ तयार आहे. अण्णांनी मान हलवली. थोरल्या भावाचा शब्द त्या घरात कुणी मोडत नसे. तेव्हापासून 'नापास' हा शब्द आम्ही दोघी तोंडातून काढत नसू. गावाकडे नाही का, सापाला साप न म्हणता लांबडं म्हणतात, तसं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या काळी माणसाची खरी हाडं घरी नेऊन अभ्यास करावा लागायचा. वरच्या वर्गातल्या एका मुलीनं शैलाला आपली हाडं वापरायला दिली. कवटी, एका बाजूचा हात, पाय, खांदा, काही बरगड्या, मणके. कापडी पिशवीत घालून, मांडीवर धरून शैलानं ती बसमधून आणली आणि माळ्यावर रिकाम्या गोणपाटांमागं ठेवली. मला सांगितलं, काकींना सांगावंच लागलं, अण्णांना नाही. वसाहतीत कळलं असतं तर हळदीकुंकवाला त्या उंबऱ्यात कुणी पाय ठेवला नसता, आणि खोली सोडा म्हणायलाही लोकांनी कमी केलं नसतं. संध्याकाळी अण्णा कामावरून यायच्या आत शैला पिशवी खाली काढायची, तेव्हा काकी दाराला पाठ लावून तांदूळ निवडत बसायच्या, बाहेरून कुणी ढकललं तरी दार उघडू नये म्हणून. मी पुस्तक धरून, हाडांकडे न बघता प्रश्न विचारायची. मी जात्याच भित्री. पण शैला घाबरत नव्हती असं आता लोक सांगतील, ते खरं नाही. पहिला आठवडा तिनं ती हाडं रुमालात धरली होती. कवटी उचलताना डोळे मिटून घ्यायची... आणि मग तसेच मिटल्या डोळ्यांनी तिच्यावरच्या खाचा सांगत जायची.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना अण्णा ट्रकला लावलेल्या फळीवरून गोणीसकट घसरले. कॉलरबोन मोडलं. दोन्ही खांद्यांवरून पट्टे आवळलेले अण्णा भिंतीशी ताठ बसून राहिले. बघायला आलेल्या बायकांतली एक सहज बोलून गेली, की घरात काहीतरी बाधलंय, कुणाला तरी विचारून घ्या. तिला बिचारीला कशाचा पत्ता नव्हता. पण काकींच्या काळजात ते नेमकं रुतलं. दुसऱ्या दिवशी शैला कॉलेजला गेल्यावर भर दुपारी त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

शैला परत आली तेव्हा मी तिथंच होते. तिनं माळ्यावर हात घातला, गोणपाटं चाचपली आणि मागं वळून आईकडे बघितलं.

"खाडीत सोडून आले," काकी म्हणाल्या. "तीळ-तांदूळ व्हायलं, नारळ व्हायला, पाया पडले. कुणाचं व्हतं, काय व्हतं... अडकून पडलं व्हतं बिचारं आपल्या घरात. त्येची वाट मोकळी केली."

"सगळी?" शैलानं विचारलं.

"सगळी."

"कवटी पण?"

"ती तर पयली."

मला काकींचा असा संताप आला होता की काय सांगू. वाटलं, या बाईनं स्वतःच्या हातानं पोरीला बोहल्यावर चढवलं. शैला मात्र ओरडली नाही, खाली बसून रडू लागली. तोंडी परीक्षेत समोर हाडांचा ट्रे असतो, परीक्षक त्यातलं कुठलंही हाड उचलून हातात देतात. परीक्षा तोंडावर आलेली; आपली हाडं कोण उसनी देणार? अण्णांना उठवायला-बसवायला काकींच्या जोडीला माणूस हवं, त्यामुळे कॉलेजात जाऊन बसणंही जमेना. आणि ज्या मुलीची हाडं होती तिला काय सांगायचं? (ती पुढं दोन महिने शैलाशी बोलली नाही. मग एक दिवस आपणहून म्हणाली, माझी आजी असती तर तिनंही हेच केलं असतं.)

अण्णांनी भिंतीशी बसून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ते भडकणार, आपल्या घरात आपल्याला न सांगता माणसाची हाडं ठेवली म्हणून.

"हाडं न्हाईत म्हणून रडतीस व्हय?" ते म्हणाले. "माझी हायत की. घे."

आठ दिवस ती आमच्या अंगावर शिकली. माझं मनगट, कोपर, घोटे, गुडघ्याची वाटी. मला गुदगुल्या व्हायच्या आणि ती मारायची. अण्णांसमोर ती गुडघ्यांवर बसायची, त्यांच्या गळ्याखालच्या खळग्यापासून बोट हळूहळू खांद्याकडे न्यायची. मोडलेल्या जागेपाशी तिचं बोट थांबायचं, पुढं जाईना. "दाब," अण्णा म्हणायचे, "भ्यायचं न्हाई." आणि त्यांच्या कपाळावर घाम यायचा. काकी तोंडाला पदर लावून पलीकडे बघत. मी त्या घरात इतकी भीती एका जागी कधी पाहिली नाही. प्रत्येकाची वेगळी, आणि कुणीच कुणाला बोलून दाखवत नव्हतं.

परीक्षकांनी तिला नेमकं कॉलरबोनच दिलं. डावं की उजवं ते तिनं सांगितलं, कुठं मोडतं तेही सांगितलं. मोडल्यावर रोगी कसा दिसतो, असं विचारल्यावर ती म्हणाली, की त्या हाताचा कोपर दुसऱ्या हातात धरून बसतो, आडवा होऊ शकत नाही, आणि दुखतंय म्हणून सांगत नाही. हे शेवटचं कुठल्या पुस्तकात आहे, असं त्यांनी विचारलं. ती पास झाली. पुढच्या सगळ्या परीक्षाही पहिल्या झटक्यात, आणि गावचे चुलते गुडघेदुखीसाठी तिच्याच दवाखान्यात येऊ लागले.

आम्ही मोठ्या झालो, ती हकीकत हसत सांगू लागलो. काकी तेवढ्या कधी हसल्या नाहीत. शैलाच्या दहाव्याला वाशीच्या खाडीकाठी काकी आल्या नाहीत. मी घरी गेले तर माझा हात धरून त्यांनी तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "संगे, त्येला पाण्यात टाकलं म्हणून त्येनं माझी पोरगी न्हेली का गं?" मी नाही म्हटलं. मास्तरणीच्या आवाजात, दोनतीनदा. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत, त्या क्षणी, माझाही स्वतःवर विश्वास बसला नाही.

मग त्यांनी मला माहीत नसलेलं सांगितलं. त्या वर्षापासून दर सर्वपित्रीला काकी त्या अनोळखी माणसाच्या नावानं, म्हणजे बिननावानंच, एक पान वाढत होत्या. आणि ते गच्चीवर नेऊन ठेवत होती शैला. एवढी डॉक्टर झाली तरी, दवाखाना तासभर बंद ठेवून. मला तिनं कधी सांगितलं नाही. मी हसेन असं वाटलं असेल... किंवा हसणार नाही, असं.

यंदा शैला नव्हती आणि काकींचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून मला बोलावलं. ओट्यावर दोन पानं वाढलेली होती. गेलेल्या माणसाचं पान पहिल्या वर्षी वाढत नाहीत, हे मी चाचरत म्हणाले. "ऱ्हाऊ दे तुझं शास्तर," काकी म्हणाल्या. मी दोन्ही पानं गच्चीवर नेली. भर उन्हात, पन्नास वर्षांची बाई मी, पानं ठेवून मागं न बघता निघाले. खाली आले तर काकी दारातच उभ्या होत्या.

"शेजारी शेजारी ठिवलीस न्हवं?"

"हो काकी."

"बरं केलंस. भित्री हाय ती. तीस वर्सं जेवू घातलंय त्येला, बघंल आता तिच्याकडं."