माझी एक सरी

कॉलेजात उद्या शिकवायच्या जीवशास्त्राच्या तासासाठी वाळक्या मिरच्या फोडून बिया काढत होते. ठसका लागला आणि सदलग्याचं आमचं शेत डोळ्यांपुढं आलं.

मी दहावीत होते. पुढं मला शिकवायचं नाही, असं घरात ठरल्यासारखंच होतं. परड्यातल्या वर तोंड करणाऱ्या मिरचीच्या बियांतून त्या साली एक वेगळंच झाड निघालं. त्याच्या मिरच्या शेजारच्या वाफ्यातल्या दुसऱ्या जातीसारख्या खाली लोंबायच्या. वडिलांनी त्याचं बी राखेत घोळून ठेवलं. मी वहीत शाळेत शिकवलेले संकराचे चार चौकोन आखले आणि सांगितलं, "आप्पा, ह्या बियांतनं चारात एक झाड परत वर तोंड करणार बघा."

"तुझ्या शाळंतलं मिरचीला काय ठावं गं?" ते हसले. पण रोपं लावायच्या दिवशी बांधाकडं बोट करून म्हणाले, "ती एक सरी तुझी. बघूया."

सोळा रोपं लावली. मिरच्या धरल्यावर आम्ही दोघं वाकून मोजत गेलो. पाच झाडांच्या मिरच्या वर बघत होत्या. चारच झाडं यायला हवी होती म्हणून मी रडकुंडीला आले.

"पेरल्यालं मोजून उगवतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "अशी झाडं येणार, हे तू आदी सांगितलं हुतंस. मला न्हाय सांगता आलं." निकालानंतर कॉलेजचा फॉर्म त्यांनीच आणला.

पुढं वाटणीत भावांसाठी मी सही करून हक्क सोडला. ती सरी त्या कागदात नव्हती. तिच्यावरच मी आजवर उभी आहे.