मावशींचे एक ते अडीच

चैत्रातल्या दुपारी एक वाजता तीन वर्षांची बावीस पोरं दहा मिनिटांत झोपवू शकेल असं माणूस साऱ्या नागपुरात एकच आहे, आणि त्या म्हणजे आमच्या मुलीच्या बालवाडीतल्या मावशी. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्या घरचं एकच पोर दुपारी झोपवून पाहावं आणि मग माझ्याशी बोलावं.

नंदनवन वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत ती बालवाडी आहे. प्रवेशाच्या दिवशी मॅडम नाव, जन्मतारीख, रक्तगट लिहून घेत होत्या. मावशींनी त्यातलं काहीच विचारलं नाही. आमच्या मुलीच्या तळपायाला हात लावून त्यांनी एवढंच विचारलं, "झोपते कशी?" मावशींच्या मते प्रत्येक पोराची झोप वेगळ्या ठिकाणी राहते. कुणाची कानाच्या पाळीत, कुणाची पाठीच्या मणक्यात, तर एका व्यापाऱ्याच्या नातवाची म्हणे आजीच्या पदराच्या टोकात. तो पदर आणायला मावशींनी त्याच्या आजोबांना भर उन्हात शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला परत पाठवलं होतं. आमच्या मुलीची झोप तळपायांत निघाली. आम्ही तीन वर्षं तिचं डोकं थोपटत होतो.

एक ते अडीच या वेळेत गल्लीवर मावशींचं राज्य असे. कुकरच्या शिट्ट्या साडेबाराच्या आत उरकायच्या, हा नियम समोरच्या चारही घरांनी मुकाट्याने मान्य केला होता. भंगारवाला कोपऱ्यावरच भोंगा बंद करून ठेला हातानं ढकलत नेई. निवडणुकीत एकदा प्रचाराचा ऑटो वाजतगाजत आत शिरला. मावशी त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. उमेदवारानं मतासाठी हात जोडले, तेव्हा मावशींनी आपले जोडलेले हात गालाखाली नेऊन मान कलती केली. भोंगा बंद झाला; ऑटो वळवायलाही जागा नव्हती. उमेदवार खाली उतरला आणि कार्यकर्त्यांसह चपला हातात घेऊन गल्लीतून चालत गेला.

मी मात्र शिकलेला माणूस. पालकसभेत उठून मी म्हणालो की झोप काय, पोरं घरीही काढतात, त्या दीड तासात इंग्रजीची अक्षरं तरी होतील. बऱ्याच माना डोलल्या. मावशी दाराशी कुलरमध्ये पाणी भरत होत्या. बादली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "विरजण लावल्यावर भांडं कोणी हलवून पाहते काय, भाऊ? सकाळी मॅडम शिकवते, दुपारी थे लागते. तुम्ही मधातच हलवाले निघाले." सभेत हशा पिकला आणि माझी अक्षरं तिथेच राहिली.

होळीच्या आठवड्यात माझे वडील गेले. बैठकीच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं, माणसं यायला लागली होती. मुलगी दाराच्या चौकटीला धरून विचारत होती, आबाजी काहून उठून नाही राहिले? मला जे सुचलं ते मी बोललो. "आबाजी झोपले आहेत, बेटा. उठवू नकोस." मग दुपारी त्यांना नेलं.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. मुलगी बालवाडीत झोपत नव्हती, ते एक वेळ चाललं असतं. पण ती दुसऱ्या कुणालाही झोपू देत नव्हती. गादी-गादीवर जाऊन मिटलेले डोळे बोटांनी उघडत होती. सगळी खोली रडायची. घरीही तिचे हाल होते, जेवता जेवता डोळा लागायचा आणि ती दचकून ताठ बसायची. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर हिला पाठवू नका.

घ्यायला गेलो तेव्हा मावशींनी मला फाटकाबाहेर गाठलं. त्यांनी तिला विचारलं होतं, काहून उठवते वं सगळ्यायले? ती म्हणाली होती, "नाही उठवलं तं लोकं त्यायले घेऊन जातेत."

मावशी हळूच म्हणाल्या, "झोपेले बदनाम करून ठेवलं तुम्ही, भाऊ. मेले म्हना. लेकराले कळते थे."

तो शब्द तोवर मी स्वतःशीही उच्चारला नव्हता. घरी जाऊन मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हटला. तिनं ऐकून घेतलं आणि बिस्किट मागितलं. मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशीही ती झोपली नाही. आता भरोसा बसायचा होता, आणि ते काम मावशींनी अंगावर घेतलं.

त्या दीड तासात ज्या बाईनं वर्षानुवर्षं पापणी मिटली नव्हती, ती सतरंजीवर आडवी झाली. "मी झोपून राहिली. मोठा काटा सहावर आला का मले उठवजो," असं बजावून मावशी घोरू लागल्या. मुलगी उशाशी बसून घड्याळ पाहत राहिली. काटा सहावर येताच तिनं हलवलं, आणि मावशी उठून बसल्या. "उठली न मी?" मुलीनं त्यांचा गाल चाचपून पाहिला. असं नऊ दिवस चाललं. मी ऑफिसातून निघून खिडकीबाहेर उभा राहायचो आणि तोंडात बोट घालायचो. मोठमोठ्या पदव्यांची माणसं पाहिली आहेत मी, इतकं कठीण काम इतक्या सरळपणे करणारं कुणी पाहिलं नाही.

दहाव्या दिवशी मुलगी स्वतःच सतरंजीवर पडली आणि म्हणाली, "आज तू उठवजो." मावशींनी तिचे तळपाय मांडीवर घेतले. मधे लाइट गेली, कुलर थांबला, तर त्या एका हातानं पुठ्ठ्यानं वारा घालत राहिल्या, दुसरा हात पायांवरून काढला नाही. अडीचला त्यांनी तिला हाक मारली. ती उठली, इकडेतिकडे पाहिलं आणि धावत फाटकाशी आली.

"बाबा, मी झोपली होती. मंग मी उठली."

मला स्कूटरची चावी सापडेना, ती हातातच होती.

मुलगी आता पहिलीत आहे. तिच्या शाळेत एक ते अडीच गणित असतं. मावशी तिला नीटशा आठवत नाहीत, आणि ते दिवस तर मुळीच नाहीत. सुट्टीच्या दुपारी ती आडवी होते आणि कुणालाही काही न सांगता झोपून जाते. मी तिच्या पायाशी बसतो. मावशींची आठवण येते, आणि आबाजींचीही.