दोन थाऊ

मोटारीच्या स्टेअरिंगवर इतका विचार केलेला आणि मोटार इतकी कमी चालवलेला माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा झाला नसेल. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. ती त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही दादा म्हणत असे. ते फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. धोतर सोडून पँटमध्ये आलेली त्यांची घराण्यातली पहिली पिढी, आणि गोरेगावच्या सोसायटीत त्यांच्या खिडकीखाली ताडपत्रीत उभी होती दोन माणसांची, बिनटपाची, हिरवी विलायती स्पोर्ट्स कार. कंपनीचा गोरा साहेब कायमचा मायदेशी जाताना ती त्यांच्या गळ्यात घालून गेला होता. इतरांना साहेबांनी घड्याळं दिली, पंखे दिले. दादांना गाडी दिली, कारण साहेबांच्या मते ऑफिसात नीट काळजी घेणारा तो एकच माणूस होता. साहेबांचं हे निदान अगदी बरोबर होतं, आणि घोटाळाही तिथूनच सुरू झाला.

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, पण स्टेअरिंगला प्ले होता. म्हणजे चाक वळवलं की गाडी आधी थोडा विचार करायची आणि मग वळायची. कुठलाही मेकॅनिक म्हणाला असता, चालवा तशीच. दादांनी ठरवलं की स्टेअरिंग नुसतं दुरुस्त करायचं नाही, मूळच्यापेक्षा सरस करायचं, आणि मगच गाडी रस्त्यावर काढायची. तोवर दर रविवारी सकाळी ते गाडी कंपाउंडात गेटपर्यंत नेत आणि उलटी आणत. या प्रवासासाठी ते बूट घालत.

पहिला प्रश्न हातातल्या चाकाचा. मूळचं सोळा इंची होतं, चौदा इंची घ्यावं की काय, यावर आठ महिने गेले. घरातली कणीक मळायची परात बरोबर चौदा इंची निघाली. ऑफिसातून आले की दादा पलंगाच्या कडेला बसून ती दोन्ही हातांत धरत आणि डोळे मिटून वळणं घेत. वहिनी पीठ चाळून उभ्या. "अहो, तुमचं वळण संपलं असेल तर द्या ती इकडे," असं त्या रोज म्हणत, आणि दादा रोज म्हणत, "थांब गं, घाटात आहे." शेवटी त्यांनी लहान चाकच घेतलं. "मोठं चाक हाताला सुख देतं, मेव्हणे. लहान चाक खरं काय ते सांगतं."

मग बुश. स्टेअरिंगचा आडवा दांडा ज्या बांगडीतून डावी-उजवीकडे सरकतो ती बांगडी म्हणजे बुश. ती झिजली की प्ले येतो. ती रबराची असावी, नायलॉनची की गनमेटलची? बसच्या टर्मिनसवर जाऊन त्यांनी ड्रायव्हरांना विचारलं. घाटकोपरच्या एका टर्नरकडे ते तीन रविवार नुसते बसून आले. तिसऱ्या रविवारी त्यानं विचारलं, "साहेब, काही काम आहे की घरी भांडण झालंय?" रबर मऊ पडतं, गनमेटल रस्त्याचा खडा न् खडा मनगटाला सांगतं, हे सगळं ऐकून त्यांनी आपलं तत्त्व मांडलं: "ही रस्त्यावरची गाडी आहे, शर्यतीतली नाही. खड्डा हातापर्यंत यायला हवा, पण पाहुण्यासारखा. मुक्कामाला नको."

इथे माझा प्रवेश होतो. मी अंधेरीच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. तयार झालेला माल मोजायचा, पास की नापास सांगायचं. आमच्यात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. दादा कुठून कुठून बुश मिळवत. कधी कुर्ल्याच्या भंगारातून, कधी बोटीवर काम करणाऱ्या कुणा शेजाऱ्याकडून. तो स्वच्छ हातरुमालात गुंडाळून रविवारी माझ्यापुढे ठेवत. मी मोजमापाची लाकडी पेटी उघडली की ते हात धुऊन येत. माझी मोजणी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. वहिनींनी कपबशी वाजवली तरी ते बोट वर करत.

पहिला बुश खरोखरच दोन थाऊ मोठा होता. मी तसं सांगितलं. दादा खूश झाले. "बघ," ते वहिनींना म्हणाले, "दुसरा कुणी असता तर म्हणाला असता चालेल. घरात असा माणूस पाहिजे."

दुसरा बुश त्यांनी आणला त्याच्या आदल्या दिवशी वहिनी मला बाजारात भेटल्या. हातात मेथीच्या जुड्या होत्या.

"भावोजी, तो उद्याचा बरोबर निघाला तर हे गाडी हायवेला काढणार. दहिसरच्या चेकनाक्यापर्यंत. मला बाजूला बसवून."

"मग चांगलं आहे की, वहिनी."

"काय चांगलं? टप नाही, दाराला धड उंची नाही. ट्रकवाले वरून बघतील नि खालून आपण जाऊ. तुम्ही म्हणा ना, बुश नाही बसत म्हणून."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर आजच काढतील. तुमचं ऐकतात ते."

दुसऱ्या दिवशी मी बुश मोजला. तंतोतंत होता. मी पुन्हा मोजला, आणि म्हणालो, "दोन थाऊ."

पुढे चार वर्षांत एकूण अकरा बुश आले. एकेक नापास होऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला. दादांनी प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली. मी दर वेळी दोन थाऊच सांगत असे. वेगळा आकडा सांगायचं धाडस झालं नाही.

इतकी वर्षं मी मनात सगळं वहिनींवर ढकलत आलो. पण वहिनींनी एकदाच सांगितलं होतं, तेही मेथी निवडायच्या घाईत. बाकी सगळं माझं. मी पास म्हटलं आणि गाडी कुठे आपटली तर बोट माझ्याकडे होईल, ही भीती होती. आणि तेवढंही नाही. कारखान्यात मला कुणी खुर्ची देत नसे. इथे एक वडीलधारा माणूस हात धुऊन माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. बुश पास झाला असता तर ते रविवार संपले असते. तेवीस वर्षांच्या नोकरीत चुकीचा माल मी एकदाही पास केला नाही, असं निरोपसमारंभात सांगितलं गेलं. बरोबर माल किती नापास केला, ते कुणी विचारत नाही.

दादा मात्र लग्नाकार्यात मला हाताला धरून फिरवत. "हे आमचे मेव्हणे. मी आज जिवंत आहे तो यांच्यामुळे." लोक मला डॉक्टर समजत.

मग साखरेनं त्यांची नजर गेली. सगळी नाही, पण गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगण्याइतकी. त्यांनी वाद घातला नाही. स्टुडिओंना शूटिंगसाठी गाड्या पुरवणारा एकजण ती घ्यायला तयार झाला. त्याचा मेकॅनिक सकाळी आला, डबा उघडून त्यानं दोन नंबरचा बुश काढला, बोटानं फिरवून बघितला आणि जेवायच्या आत बसवलासुद्धा. चिठ्ठी त्यानं कानामागे खोचली होती. गाडी गेटमधून निघाली ती विचार न करता वळली.

"घाई केली त्यांनी," दादा म्हणाले. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

पुढे कित्येक महिने ते त्या गाडीच्या काळजीत होते. अपघाताच्या बातम्या मला वाचून दाखवायला लावत. घेणाऱ्याला त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं: 'बुश दोन थाऊ मोठा आहे. चेकनाक्यापलीकडे नेऊ नये.' तो भला माणूस स्वतः येऊन सांगून गेला, "दादा, झकास चालते हो. दोनदा पुण्याला जाऊन आलो."

तो गेल्यावर दादा म्हणाले, "मेव्हणे, एक थाऊ म्हणजे नक्की किती हो? इतकी वर्षं ऐकतोय, कधी विचारलं नाही."

मी डोक्यावरचा एक केस उपटला आणि सवयीनं बरोबर आणलेल्या पेटीतल्या मायक्रोमीटरनं मोजून दाखवला. तीन थाऊ. आकडे त्यांना दिसत नव्हते. त्यांनी तो केस चिमटीत घेतला आणि चाचपत राहिले.

"म्हणजे केसभरसुद्धा नाही."

"नाही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

"आणि तेवढंही तुम्ही सोडलं नाहीत," दादा म्हणाले. आवाजात कौतुक होतं. मी त्यात दुसरं काही शोधलं, तेव्हाही आणि नंतरही. सापडलं नाही.

दादा वारल्यावर वहिनींनी डबा मला दिला. "तुमचीच मेहनत आहे," म्हणाल्या. मग ताडपत्रीची जागा होती तिथे खिडकीतून बघत म्हणाल्या, "एकदा बसायला हवं होतं हो भावोजी. नाक्यापर्यंत काय, अर्ध्या तासाचं तर काम."

डबा माझ्याकडे आहे. परवा पेटी काढून सगळे पुन्हा मोजले. आधी हात धुतले. दहा बुश आहेत. नऊ तंतोतंत बसणारे. एक नंबरचा तेवढा दोन थाऊ मोठा.